खलाशी मरतात कशाने? (‘दारू-सिगरेट’वाल्यांना उत्तर)

दर्या_पेडणे: काल इथे एकाने लिहिलं, ‘खलाशी मरतात ते दारू-सिगरेटने, कंपन्यांना कशाला झोडता?’ वा! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे 2023 चे 403 मृत्यू नोंदलेत. आजाराने 139, समुद्रात पडून 91, कामावरच्या अपघातात 74. पडलेले सगळे झिंगलेलेच होते का? बोटीवरच्या बंद टाकीत गंजच ऑक्सिजन खाऊन बसतो. एक आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. तिथे कसली सिगरेट?

वास्को_फोरमन: काल दारू-सिगरेटचं लिहिणारा तो ‘एक’ मीच. तुझ्याच आकड्यांत पहिला नंबर आजाराचा, नीट वाच. आणि हवा तपासायचा मीटर बोटीवर ठेवणं 2016 पासून सक्तीचं आहे. न वापरता उतरतात त्याला कंपनी काय करणार?

दर्या_पेडणे: मीटर कपाटात असतो, पात्रांव. चीफ ऑफिसर घड्याळ दाखवत उभा असतो.

डिचोलीची_सून: आजाराचं मी सांगते. मेडिकलच्या आधी भरती करणाऱ्या एजंटने आमच्या ह्यांना बजावलं, ‘बीपी आहे म्हणालात तर दुसरा माणूस तयार आहे.’ गोळ्या मोज्यांत लपवून नेल्या. भर समुद्रात छातीत दुखायला लागलं. डॉक्टर नाही, उपचार सेकंड ऑफिसरच्या हातून. वाचले, पण कायमचे अनफिट.

वास्को_फोरमन: म्हणजे लपवलंत तुम्हीच!

डिचोलीची_सून: हो, लपवलं! घराचे हप्ते तुम्ही भरणार होता?

फोंड्याचा_क्रूझवाला: आमच्याकडे डॉक्टर, नर्स, सगळं असतं. मालवाहू बोटीवर जाताच कशाला?

दर्या_पेडणे: शंभरावर माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा प्रवास असेल तरच डॉक्टर सक्तीचा, शहाण्या. मालवाहू बोटीवर वीस-बावीस डोकी. सगळ्यांनी क्रूझवर ताटं उचलायची का?

फोंड्याचा_क्रूझवाला: तोंड सांभाळ. ताटं उचलूनच घर बांधलंय.

कुंभारजुवे_निवृत्त: भांडा खुशाल. पण ताई, आजार मुद्दाम लपवला असेल तर कायद्याने कंपनीची जबाबदारी वगळता येते, ही सवलत देशादेशांमधल्या सागरी कामगार करारातच आहे. एजंट ‘लपव’ म्हणतो ते तोंडी, सही मात्र तुमची. मी तीन पोरांचे कागद बघितले, तिघांचं हेच.

डिचोलीची_सून: आमचा भरपाईचा अर्ज नेमका ह्याच कारणाने फेटाळला.

वास्को_फोरमन: बरं, एजंट नालायक, मान्य. पाण्यात पडलेले 91 सुद्धा तुम्हाला दिले. पण आजाराचे 139 माझे.

दर्या_पेडणे: त्या 139 मध्ये गोळ्या लपवणारे किती, ते आधी विचार. नोंदीत नुसतं ‘आजार’ असतं.

वास्को_फोरमन: ते तू तरी कुठे मोजलेस?

डिचोलीची_सून: तुमचं मोजून झालं की सांगा, फेटाळलेल्या अर्जावर अपील कुठे करायचं?