पीएच.डी.चे मार्गदर्शक निवडताना सायटेशनचे आकडे कसे वाचावेत?

निपाणीकर:
नमस्कार. माझ्या मुलीने सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले असून बेळगावात पीएच.डी. करण्याचा तिचा विचार आहे. मार्गदर्शक म्हणून दोन नावे समोर आहेत. गूगल स्कॉलरवर पाहिले तर एका सरांच्या नावावर शोधनिबंधांची लांबलचक यादी आहे आणि सायटेशनचा, म्हणजे इतरांनी त्या निबंधांचे घेतलेल्या संदर्भांचा, आकडा डोळे दिपवणारा आहे. दुसऱ्या मॅडमचे निबंध मोजके असून त्यांचा एच-इंडेक्स सरांच्या निम्माही भरत नाही. घरची मंडळी सरांच्या बाजूने आहेत. मी तंबाखूच्या वखारीचा हिशेब सांभाळणारा माणूस असल्याने, आकडा दिसला की तो कशाचा, हे आधी विचारतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सामाजिक वैद्यक, बेळगाव:
साहेब, एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये मांडले. तो 20 असेल, तर त्या संशोधकाच्या किमान 20 निबंधांचा प्रत्येकी किमान 20 वेळा संदर्भ इतरत्र घेतला गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो वयाबरोबर वाढत जातो, कमी होत नाही. त्यामुळे तीस वर्षे नोकरी झालेल्या प्राध्यापकांची आणि दहा वर्षांपूर्वी संशोधनास लागलेल्या मॅडमची तुलना या आकड्यावरून करणे मुळातच चुकीचे ठरते. शिवाय निबंधाच्या पहिल्या लेखकाला आणि चाळिसाव्या लेखकाला तो सारखेच श्रेय देतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या, उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी 10 देशांत सुमारे तीस हजार महिलांवर झाली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा मोठ्या कामात सहभाग असणे मानाचेच आहे, पण त्यात आपल्या सरांनी नेमके काय केले, हे आकडा सांगत नाही. ते निबंधाच्या शेवटी, लेखकांच्या योगदानाच्या परिच्छेदात सापडते.

आणखी एक घोळ आपल्या भागातला. आद्याक्षर आणि पुढे पाटील किंवा कुलकर्णी एवढेच नाव असेल, तर गूगल स्कॉलर भलत्याच पाटलांचे निबंध एका खात्यात गोळा करतो आणि खातेदाराने ते स्वतः काढून टाकेपर्यंत ते तिथेच राहतात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक 2012 पासून मिळतो तो याच कारणासाठी. सरांचा तो असेल तर यादी तिथे पडताळून पाहावी.

ग्रंथपाल:
वरील उत्तरास थोडी पुस्ती. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील टिपणे, अप्रकाशित मसुदे असे सर्व काही मोजतो, तर स्कोपस ही संदर्भसूची निवडक, पारखून घेतलेली नियतकालिके, पुस्तके आणि परिषदांची इतिवृत्तेच मोजते; म्हणून एकाच व्यक्तीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. स्कोपसमध्ये स्वतःच स्वतःचे घेतलेले संदर्भ वगळूनही आकडा पाहता येतो. तो एकदा अवश्य पाहावा. संदर्भ घेतला म्हणजे कौतुक केले, असेही समजू नये. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, केवळ 12 मुलांवर आधारलेला 1998 चा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. त्याच्या सायटेशनचा आकडा प्रचंड आहे, पण त्यातले बहुतेक संदर्भ त्याचे खंडन करणारे आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर (निबंधामागे सरासरी किती संदर्भ, हे सांगणारा आकडा) हा तर नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हेच.

निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, खानापूर:
निपाणीकर दादा, आपल्याच जिल्ह्यातले एक काम मुलीला जरूर वाचायला द्या. 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 महिलांवर, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली आणि तिचा निबंध 2006 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. औषध देण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे काम आमच्या एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) बहिणींनी केले. बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची चादर अंथरत, तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी असे, आणि किती रक्त गेले ते तीवर वाचून लिहीत; नुसत्या नजरेच्या अंदाजावर सोडत नसत. ज्यांना औषधाविना नुसती दिखाऊ गोळी दिली त्यांच्यात रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्के होते, तर ज्यांना ही गोळी दिली त्यांच्यात ते 6.4 टक्के होते. याच कामाचे नेहमीचे औषध असलेल्या ऑक्सिटोसिनला इंजेक्शन आणि थंडावा लागतो, ही गोळी पिशवीत टाकून चालत नेता येते. पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. सायटेशन मोजताना यातले काहीच दिसत नाही.

निपाणीकर:
सर्वांचे आभार. मुलीने काल सरांची यादी चाळली, तेव्हा तीत ऊसावरील किडीचेही दोन निबंध निघाले! ते बाजूला काढले तरी सरांचे काम मोठेच आहे. मात्र अलीकडच्या निबंधांत त्यांचे नाव लेखकांच्या बहुधा मधल्या रांगेत असते, आणि मॅडमच्या निबंधांत पहिले नाव अनेकदा विद्यार्थ्याचे असते, म्हणजे श्रेय विद्यार्थ्याला मिळते.

ग्रंथपाल:
मग ते विद्यार्थी आता कोठे आहेत, हे शोधून त्यांच्यापैकी एकदोघांशी मुलीने बोलावे. प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाला आणि मसुदा तपासून परत यायला किती दिवस लागत, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुरे.