हंगाम संपल्यावरचा क्लब: विदर्भातल्या खेड्यांतून चाहत्यांचे अनुभव

२५ मे २०२५ ला इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस झाला. ३१ मेला म्युनिकमध्ये पॅरिसच्या क्लबने इंटर मिलानला ५-० असं हरवून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग घेतली आणि ऐन नवतप्यात आपल्या शनिवार-रविवारच्या रात्री एकदम मोकळ्या झाल्या. आता ऑगस्ट तोंडावर आला आहे. या अडीच महिन्यांत सामने नसतात, गुणतक्ता हलत नाही, तरी डोक्यात क्लबच असतो. त्यासाठी हा धागा. कोण कितीला विकला गेला ते सगळ्यांनी वाचलं आहे, ते इथे परत नको. सामने नसताना कशाचा अभिमान वाटला, कशाचा राग आला, काय मनातून जात नाही, ते लिहा. वर तालुका आणि क्लब टाका. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पडद्यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आर्णी, मोर्शी, मुलचेऱ्याहून कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम विचारतोय. सुरुवात माझ्यापासून.

आर्णी तालुका, यवतमाळ. मँचेस्टर युनायटेड

आम्ही १५ व्या स्थानावर संपलो. ३८ सामन्यांत ४२ गुण, फक्त ४४ गोल. १९७३-७४ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला होता, त्यानंतरचा हा सगळ्यात वाईट हंगाम. २१ मेला बिल्बाओत टॉटनहॅमविरुद्ध युरोपा लीगची फायनल ०-१ ने गेली आणि युरोपात खेळायची उरलेली वाटही बंद झाली. ते सगळं मी मान्य केलं आहे. संघ वाईट खेळला, त्याचं फळ मिळालं.

उन्हाळाभर सलत राहिलं ते वेगळं. क्लबने २०२४ मध्ये सुमारे २५० नोकऱ्या कमी केल्या आणि यंदा फेब्रुवारीत आणखी १५० ते २०० जाणार असं जाहीर केलं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचं दुपारचं मोफत जेवण बंद केलं. त्याच क्लबने जूनमध्ये वुल्व्हजकडून मथेउस कुन्याला सव्वासहा कोटी पौंडांना घेतलं. कुन्या मला आवडतो. गोलच होत नव्हते, तो हवाच होता. पण ज्या माणसांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, त्यांच्या ताटातलं काढून पैसा वाचवायचा, हे मला पटलेलं नाही. कॅथ फिप्स नावाच्या बाई १९६८ पासून या क्लबच्या रिसेप्शनवर होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा जुने खेळाडू घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. मी ज्या क्लबचा झालो तो असा होता.

आमच्या भागातली सूतगिरणी बंद पडली तेव्हा माझे काकाजी तिथे कामाला होते. काम गेल्यावर माणूस सकाळी उठून, डबा नसताना, कुठे जातो हे मी घरात पाहिलं आहे. म्हणून मँचेस्टरमधल्या त्या बातम्या मला लांबच्या वाटल्या नाहीत. पानठेल्यावर पोरं म्हणतात, भाऊ, आपल्याला काय करायचं, स्ट्रायकर आला की झालं. मला करायचं आहे.

खेळाबद्दल एवढंच की प्रशिक्षक अमोरिमला वेळ द्यावा. तो नोव्हेंबरमध्ये अर्ध्या हंगामात आला, त्याची ३-४-३ ची रचना सामने हरता-हरताच शिकवली गेली. पूर्ण उन्हाळा त्याला पहिल्यांदाच मिळतोय. गुरुवारच्या रात्री युरोपात जायचं नाही, सरावाला आख्खा आठवडा आहे. १७ ऑगस्टला रात्री नऊला आर्सेनलशी पहिला सामना.

राळेगाव, यवतमाळ. टॉटनहॅम

भाऊ, त्याच फायनलला मी दुसऱ्या बाजूने बसलो होतो. ब्रेनन जॉन्सनचा ४२ व्या मिनिटाचा गोल, नंतर व्हॅन डे व्हेनने हवेत झेपावून गोलरेषेवरून काढलेला चेंडू. २००८ नंतरचा पहिला करंडक, युरोपातला १९८४ नंतरचा. कप उचलताना आमचा कप्तान सोनचा चेहरा पाहून माझे बाबासुद्धा खाटेवर उठून बसले, त्यांना या खेळातलं काही कळत नाही.

आणि ६ जूनला प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला काढलं. लीगमध्ये आम्ही १७ वे, २२ सामने हरलो, हे खरं आहे. पण दुसऱ्या वर्षी मी काहीतरी जिंकतोच असं हा माणूस सप्टेंबरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि त्याने ते करून दाखवलं. त्याला ऑगस्टमध्ये मैदानावर टाळ्या मिळायला हव्या होत्या. मला आजही वाईट वाटतं.

मोर्शी तालुका, अमरावती. लिव्हरपूल

२७ एप्रिलला ॲनफिल्डवर टॉटनहॅमला ५-१ हरवून आम्ही विसावं विजेतेपद घेतलं. २०२० चं विजेतेपद कोरोनात गेलं, करंडक रिकाम्या स्टेडियममध्ये उचलावा लागला. यंदा लोक होते. मी मेचा आख्खा महिना त्या आनंदात काढला. संत्र्याची बाग मृग बहारासाठी ताणावर सोडलेली, शेतात काम कमी, दुपारी कूलरसमोर पडून सालाहचे गोल परत परत बघायचे. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड माद्रिदला चालला होता, त्याच्यावर मी मित्रांशी तावातावाने भांडलो. आपल्या गावचा पोरगा आपलं गाव सोडतो, असंच मला वाटत होतं.

३ जुलैला सोयाबीनची डवरणी चालू होती. दुपारी जेवायला धुऱ्यावर बसलो आणि फोन उघडला. आमचा दिओगो जोटा गेला. स्पेनमध्ये झामोरा भागात गाडीला अपघात, सोबत त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा, तोही गेला. जोटा २८ वर्षांचा होता. २२ जूनला त्याचं लग्न झालं होतं. ८ जूनला पोर्तुगालकडून नेशन्स लीग जिंकली होती. २ एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध आम्ही १-० जिंकलो तो गोल त्याचा. तोच आमच्यासाठी त्याचा शेवटचा ठरला.

मी तसाच बसलो होतो. मायने विचारलं काय झालं, तर म्हटलं आमच्या टीममधला एक गेला. तिने नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. "लेकरं किती हायेत त्याले?" एवढंच विचारलं. तीन, म्हटलं. मग ती पण जेवली नाही.

क्लबने त्याची २० नंबरची जर्सी कायमची काढून घेतली, पुरुषांच्या, महिलांच्या आणि अकादमीच्या सगळ्या संघांतून. मला ते फार योग्य वाटलं. विसाव्या विजेतेपदात ज्याचा वाटा होता, त्याचाच तो आकडा. १३ जुलैला प्रेस्टनशी सराव सामना झाला. मी सुरुवातीची श्रद्धांजली पाहिली आणि बंद केला, पुढे बघवलं नाही.

नव्या खेळाडूंत विर्ट्झ आला. एकिटिकेही आला. एरवी मी रात्र-रात्र त्यांचे व्हिडिओ पाहिले असते. यंदा मला फक्त एवढंच वाटतं की प्रशिक्षक स्लॉटने आणि कप्तान व्हॅन डाइकने या पोरांना सांभाळावं. त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये एक जागा रिकामी आहे आणि तरीही त्यांना खेळायचं आहे. पहिले काही सामने हरले तरी माझी तक्रार नसेल. ट्रेंटवरचा रागही राहिला नाही.

अकोट तालुका, अकोला. बार्सिलोना

मी वऱ्हाडीतच लिहितो, मनातलं तसंच येते.

माह्या गावात आम्ही सारे मेस्सीपासून बार्साचे. २०२१ मदी मेस्सी गेला तवा लोकायनं टीमच सोडली. कोणी पॅरिसचा झाला, मंग मायामीचा झाला. मी नाई गेलो. क्लब म्हंजे एक माणूस नसते, आपण ज्याचे झालो त्याचे झालो. आता लामिन यमाल १३ जुलैले अठरा वर्साचा झाला अन् त्याले १० नंबर देल्ला, तर तेच लोक परत येऊन ऱ्हायले. येऊ द्या, जागा हाय.

यंदा रियलले चारही खेपा हरवलं. ४-०, ५-२, ३-२, ४-३. लीग आणली, कोपा आणला, सुपर कोपा आणला. तरी उन्हाळाभर मले ६ मेची रातच आठवते. इंटरच्या घरी ९० मिनिटं झाल्ती अन् आपण फायनलमदी होतो. मंग आसेर्बीनं, ३७ वर्साच्या डिफेंडरनं, बरोबरी केली. ज्यादा वेळात फ्राटेसी. दोन मॅचचे मिळून ६-७. बाहेर आंगणात खाटेवर बसेल होतो, मोबाईलची बॅटरी संपत आल्ती, अन् घरात सारे झोपेल.

तवापासून सारे म्हणतात कोच फ्लिकनं डिफेन्सची लाइन खाली घ्यावी, एवढ्या वर काऊन खेळते. मले नाई पटत. याच लाइननं पहिल्या क्लासिकोत, म्हंजे रियलसंगच्या मॅचमदी, त्यायच्या एम्बापेले आठ खेपा ऑफसाइडमदी अडकवलं. याच लाइननं चेंडू वरच हिसकावून गोल केले. एका रातीसाठी आपली रीत सोडाची नाई. पाठीमागं जलद धावणारा डिफेंडर पायजे, अन् पेद्रीले जरा आराम पायजे. बाकी टीम अशीच ठेवा.

देवरी तालुका, गोंदिया. आर्सेनल

वरच्या सगळ्या दादांनी मनापासून लिहिलंय. पण धाग्यात अजून एका फायनलचं नाव आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आर्सेनलच्या पुरुष संघाचं सगळ्यांना माहीत आहे. सलग तिसऱ्या वर्षी दुसरे, २००४ नंतर लीग नाही. नवा स्ट्रायकर ग्योकेरेस आला, चर्चा त्याचीच. पण २४ मेला लिस्बनमध्ये आर्सेनलच्या मुलींनी बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. २००७ नंतर पहिल्यांदा. उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदमध्ये ०-२ हरून घरी ३-० केलं. उपांत्य फेरीत घरी ल्योंकडून १-२ हरल्या आणि तिकडे जाऊन ४-१ ने जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक सोडून गेला होता, सहायक असलेल्या रेने स्लेगर्सने संघ हातात घेतला. समोर गतविजेता बार्सिलोना. बदली म्हणून आलेल्या ब्लॅकस्टेनियसने ७४ व्या मिनिटाला गोल केला. माझ्या क्लबने युरोप जिंकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीतल्या आर्सेनलवाल्यांच्या ग्रुपवर त्याचा एक शब्द नव्हता. मला त्याचा राग आला, अजून आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी सहावी-सातवीच्या मुलींना तो गोल दाखवला. मग ५ जुलैला भारताच्या मुलींनी चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि आशिया कपची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून भारताच्या महिला तिथे पहिल्यांदाच पोचल्या. तेही दाखवलं. २७ जुलैला महिलांच्या युरोच्या फायनलमध्ये इंग्लंडकडून खेळताना आर्सेनलच्याच क्लोई केलीच्या क्रॉसवर रुसोने बरोबरी केली आणि शेवटची पेनल्टी केलीने मारली. ते पाहताना एक मुलगी उठून उभीच राहिली.

मैदानावर आता चिखल आहे, शेजारच्या बांध्यांत रोवणी चालू आहे. मधल्या सुट्टीत मुली खेळतात. आधी मुलं चेंडू देत नसत, म्हणून मी मुलींसाठी वेगळा आणला. एका पालकांनी विचारलं की पोरींना फुटबॉल कशाला. मी त्यांना घरी बोलावून लिस्बनचा सामना दाखवणार आहे, पूर्ण.

मुलचेरा तालुका, गडचिरोली. मोहन बागान

आमच्या भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. मी मराठी घरातला, पण शाळेतले मित्र बंगाली. त्यांची घरंच्या घरं ईस्ट बंगालची. मी बागानचा झालो ते १९११ ची गोष्ट ऐकून. बहुतेक सगळे अनवाणी, आणि आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. तो दिवस २९ जुलै, परवाच झाला. उद्या १ ऑगस्ट, ईस्ट बंगालचा स्थापना दिवस, १९२० चा. या आठवड्यात आमच्याकडे दोन्ही बाजूंनी रसगुल्ले फिरतात.

या वर्षी बागानने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्डही जिंकली आणि १२ एप्रिलला बेंगळुरूला जादा वेळेत २-१ हरवून कपही जिंकला. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मी तीच चर्चा करत होतो. माझ्यासाठी क्लबचा सगळ्यात चांगला हंगाम होता.

मग ११ जुलैला कळलं की पुढची आयएसएल थांबवली आहे. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपतो, नवा झालेला नाही, म्हणून हंगामाचं नक्की काहीच नाही. युरोपवाल्या मित्रांनो, तुमचं दुःख मी समजू शकतो, जोटाचं वाचून मलाही भरून आलं. पण तुमच्याकडे १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट अशा तारखा आहेत. आमच्याकडे तारीख नाही. विजेता संघ आहे, खेळाडू आहेत, कोलकात्यात साठ हजार माणसं मैदानावर यायला तयार आहेत, आणि खेळायचं कधी हे कुणी सांगत नाही. मोठ्या खेळाडूंचं निभेल. ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला घरी जातो, त्या लहान क्लबांतल्या पोरांचं, मैदान राखणाऱ्यांचं, मालिश करणाऱ्यांचं काय, हा विचार जात नाही. आर्णीच्या दादांनी वर लिहिलंय तेच मला इथे दिसतं.

राग येतो तो यासाठी की करार कधी संपणार हे पंधरा वर्षं आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. तरी वेळ निघून गेली. ईस्ट बंगालवाल्या मित्रांशी या एका गोष्टीवर माझं पूर्ण एकमत आहे, आणि असं आमच्यात सहसा होत नाही.

तोवर ड्युरँड कप आहे, २३ जुलैपासून सुरू झालाय. पावसात आमच्याकडे नेट टिकत नाही, पण मित्राच्या किराणा दुकानात डिश आहे. अहेरी-चामोर्शीकडचं कुणी हे वाचत असेल आणि बागानचं असेल तर सामन्याच्या संध्याकाळी या. दुकानात ईस्ट बंगालचे लोक जास्त असतात, आपल्या बाजूने मी एकटाच ओरडतो.