चर्चा: पहिल्या वर्षाच्या मुलीला आंतरविभागीय स्पर्धेत ५००० आणि १०,००० मीटर पळवावं का?

लालमाती

मत स्पष्टच मांडतो. कॉलेजात मुलींना लांब पल्ल्याचं प्रशिक्षण देणाऱ्या कोचने पहिल्या वर्षाच्या मुलीला आंतरविभागीयला, म्हणजे विद्यापीठाच्या विभागांमधल्या स्पर्धेत, ५००० आणि १०,००० मीटरला उतरवू नये. फार तर १५०० पळू दे.

वेळापत्रकच बघा. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये आटोपतात, मग लगेच निवड चाचणी, विभागीय, आणि दिवाळीच्या आगेमागे आंतरविभागीय. कोचच्या हातात जेमतेम दहा-बारा आठवडे. गावाकडून आलेली मुलगी आठवड्याला २५ किमी पळत असते, तिला दीड महिन्यात ७० वर नेलं जातं. दम तेवढ्यात वाढतो, वेळ सुधारते, सगळे खूश. हाडाचं तसं नाही. भार वाढला की हाडाचा जुना भाग आधी झिजतो, नवा भरून यायला तीन-चार महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नडगी सगळ्यात कच्ची असते, आणि नेमकं तेव्हाच डांबरी रस्त्यावर १००० मीटरची सहा रिपिटेशन्स (मध्ये थोडं थांबून पुन्हा वेगाने पळणं) दिली जातात.

तपासायची रीत साधी आहे. नडगीची आतली कड बोटाने वरून खाली दाबत जा. दुखणं चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर बहुतेक वेळा शिन पेन, किलोमीटर कमी करून निभावतं. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ आली आणि एका पायावर उडी मारली की तिथेच दुखलं, तर हाडाला तडा असू शकतो; पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठायचे. साध्या एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे बहुधा काही दिसत नाही. ‘काही नाही, पळ’ हे वाक्य तिथूनच येतं.

पाचवा लॅप

हाडाचं सगळं मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

तुम्ही मुलीला तीन वर्षं मिळणार असं धरून चालला आहात. माण, त्र्यंबक, सुरगाणा अशा भागांतून येणाऱ्या मुलीच्या घरी पहिलं वर्ष हीच मुदत असते. दिवाळीला घरी जाताना हातात पदक आणि पेपरमधलं कात्रण असेल तर वडील हॉस्टेलचे पैसे पुढे भरतात. नसेल तर ‘पळून काय मिळालं?’ हा प्रश्न येतो आणि मागोमाग स्थळं. भरतीत खेळाडू म्हणून उभं राहायचं तर प्रमाणपत्र लागतं. ‘तिची हाडं आम्ही सांभाळली’ असं प्रमाणपत्र कुणी देत नाही. कोचने मुलीला आधी खेळात टिकवायचं असतं, तिचा कळस नंतरची गोष्ट.

लालमाती

टिकवायचं म्हणता तर वयं बघा. कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेतलं तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या आल्या, प्राथमिक फेरीत ९:१९.७६ पळाल्या, तेव्हा वय २७. लांब पल्ल्याची बाई कॉलेज संपल्यावर पिकते. अठराव्या वर्षी मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेला तर ती २५ पर्यंत पोचतच नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडेत रेडशर्टची सोय आली. पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. एक वर्ष सराव पूर्ण, स्पर्धा नाही, आणि हंगाम हातचा जात नाही.

एनआयएस

रेडशर्टची तुलना अर्धीच सांगितलीत. तिथे शिष्यवृत्तीवरच्या मुलीला त्या वर्षीही पैसे मिळत राहतात आणि कोच पगारी असतो. आपल्याकडे कॉलेजात ‘धावण्याचा कोच’ असं पदच नाही. मंजूर पद शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्याला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएचडी लागते. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या (एनआयएस) कोचिंग डिप्लोमाने ती खुर्ची मिळत नाही. त्या एका माणसाकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ, वर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. मुलींना पहाटे साडेपाचला मैदानावर पळवणारा माणूस बहुधा मानधनावरचा असतो, आणि त्याचं मानधन पुढच्या जूनमध्ये चालू राहणार का हे सर्वसाधारण विजेतेपदाच्या ढालीवर ठरतं. म्हणून एकच मुलगी १५००, ५०००, १०,००० अशी तीन दिवसांत तीनदा उतरते आणि महिन्याभरात क्रॉसकंट्रीलाही. कोच नीतिमान असावा हे ठीक, पण त्याची नोकरी कशावर मोजली जाते ते आधी बदला.

मेसची थाळी

सगळे किलोमीटरवर बोलताय. माझ्या मते मुलगी मोडते ती ताटात. हिशेब करून बघा. वजन ४५ किलो, त्यातलं चरबी वगळून ३८ किलो. पळणं सोडून बाकी शरीराला त्या प्रत्येक किलोमागे ४५ कॅलरी म्हणजे १७१०. दिवसाला १० किमी पळण्याचे किलोमीटरला साधारण ४५ धरून ४५०. झाले २१६०. आता हॉस्टेलचा दिवस आठवा: रात्रीचं जेवण आठला, उपाशीपोटी साडेपाचला सराव, मेसचा नाश्ता नऊला, तोवर फक्त चहा. शरीर हे तेरा तास ओढतं आणि खर्च कुठे कमी करायचा ते स्वतःच ठरवतं. आधी पाळी जाते, मागोमाग हाड. ५००० पळवा नाहीतर ८००, हे बदललं नाही तर तडा जाणारच.

करण्यासारखं स्वस्त आहे. सरावाआधी एक केळं किंवा चार खजूर. सराव संपल्यावर अर्ध्या तासात मैदानावरच दोन उकडलेली अंडी नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ. जेवणावर चहा नको, तासभर तरी थांबा, कारण चहा लोह शोषू देत नाही. ताटात लिंबू हवं. प्रवेशाच्या वेळी आणि जानेवारीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन १२.५ आणि फेरिटिन १२, अशी मुलगी कागदावर ठणठणीत असते आणि शेवटच्या चार लॅपला पाय उचलत नाहीत. मग ‘मनाने कच्ची’ असा शिक्का बसतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यामुळे ‘आमच्याकडे तसं नाही’ असं कुणी म्हणू नये. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि तो वजनकाटा मैदानावरून हलवा. २०२१ मध्ये ओरेगॉन विद्यापीठाच्या काही धावपटूंनी चरबी मोजण्याच्या चाचण्यांबद्दल उघड तक्रार केली. तिथे यंत्र डेक्साचं (क्ष-किरणांनी चरबी मोजणारं) होतं, इथे धान्याच्या दुकानातला काटा असतो. मुलगी शिकते ते एकच: कमी खा.

पाचवा लॅप

ताई, तुमचं पटलं, पण पाळीचं विचारणार कोण? बहुतेक कोच पुरुष आहेत. सरांनी विचारलं तर मुलगी ‘नियमित आहे’ म्हणते आणि विषय संपतो. वर ते घरी कळलं तर सरावच बंद.

मेसची थाळी

कोचने विचारायचंच नाही. सरावाच्या वहीत प्रत्येकीचं एक पान, पाळी आली की किलोमीटरच्या शेजारी तारखेपुढे टिंब. वही कॉलेजातल्या मॅडमकडे किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडे. सलग तीन महिने टिंब नसेल तर मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जातील. कोचला एवढंच कळेल की हिचे किलोमीटर सध्या निम्मे. कारण त्याला सांगायची गरज नाही.

लालमाती

ताट आणि वही दोन्ही घेतो. तरी माझा मुद्दा उरतोच. चांगलं जेवणाऱ्या मुलीचंही हाड बारा आठवड्यांत ७० किमीला तयार होत नाही. पहिल्या वर्षी ३० वरून सुरू करा, दर आठवड्याला दोन-तीन किमी वाढवा, दर चौथा आठवडा पाव हिश्श्याने कमी. लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) आठवड्याच्या पाव भागाहून मोठा नको आणि तो मुरुमाच्या रस्त्यावर. वेगाचा सराव एकच: १५ ते २० मिनिटांचा टेम्पो, म्हणजे सलग जरा वेगात पळणं, चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता येईल इतपत. दिवाळीपर्यंत ती ४५-५० ला पोचते. त्यावर १५०० छान निघतं.

पाचवा लॅप

मग ५००० का नको? ४५ किमीच्या तयारीवर साडेबारा लॅप एकदा पळल्याने कुणी मोडत नाही. मोडते ती तीन दिवसांत तीन शर्यतींनी. मुलीला एक शर्यत द्या, तिला जमेल ती. १०,००० पहिल्या वर्षी नको, इथवर मी येतो. पण पदकाची संधी काढून घेऊ नका.

एनआयएस

एक शर्यत, मान्य. पण एकट्या कोचने हे पाळलं तर शेजारचं कॉलेज तीन शर्यतींचे गुण घेऊन ढाल नेतं, आणि जूनमध्ये पाळणाऱ्याचंच मानधन बंद होतं. प्रवेशिकेवरच विद्यापीठाने अट घालावी: पहिल्या वर्षाच्या मुलीचं नाव १५०० च्या वर एकाच शर्यतीत. क्रीडा मंडळाच्या बैठकीत हा ठराव संचालकांनाच मांडावा लागेल, मानधनावरच्या कोचला तिथे बोलावत नाहीत. तुमच्या कॉलेजचे संचालक मांडतील का?