ताशी 50 की 100? आधी आपल्या आवारातलं पाणी मोजा

लेव्हलवाला
परवाच्या धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलं: 'मुंबईची गटारं ताशी 50 मिमी पावसाला डिझाइन करतात हेच दुखण्याचं मूळ. 100 धरा, पाइप दुप्पट करा, विषय संपला.' खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. माझी बावीस वर्षं नाल्यांच्या लेव्हल घेण्यात गेली, राहवत नाही म्हणून लिहितोय.

जुनी गटारं ताशी 25 मिमी आणि गुणांक 0.5 धरून बांधली. म्हणजे अर्धा पाऊस जमीन पिते असा हिशोब. हेक्टरी सेकंदाला 35 लिटर. मुंबईच्या गटारांच्या सुधारणेसाठी केलेल्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 मिमी आणि गुणांक 1 सांगितला, म्हणजे सगळाच पाऊस वाहून येतो असं धरलं. त्याच हेक्टरचे झाले 139 लिटर. चौपट! त्यात दुप्पट पावसाच्या आकड्यामुळे, उरलेली दुप्पट गुणांकामुळे. भांडण मात्र फक्त पावसावरून.

दुसरं, ताशी 50 म्हणजे अख्खा तास धरायचा असं नाही. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातलं पाणी दहा-पंधरा मिनिटांत गेटजवळच्या चेंबरला येतं. तेवढ्याच वेळातला जोर धरावा लागतो. पाव तासात 20 मिमी कोसळला तर तो ताशी 80 झाला, मग पुढे दिवसभर ऊन पडो.

आणि पाइप दुप्पट करून पाणी सोडणार कुठे? शहरातल्या गटारांची समुद्राकडची बहुतेक मुखं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला त्याच दुप्पट पाइपात समुद्र उभा राहील.

कलिना_तळमजला
ते 100 वालं मीच लिहिलं होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला तेव्हा आमच्या स्वयंपाकघराचा ओटा पाण्याखाली होता. आईला शेजारच्यांनी पहिल्या मजल्यावर ओढून घेतलं. तुम्ही मला गुणांक शिकवू नका.

लेव्हलवाला
आईंचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण 944 ला पुरेल असं गटार जगात कोणी बांधत नाही. त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिमी होता. एका पर्जन्यमापकावर शहराचं डिझाइन होत नाही हा त्या दिवसाचा धडा.

गाळ_आधी_काढा
दोघेही कागदावर भांडताय. आमच्या रस्त्याखाली 900 मिमी व्यासाचा पाइप आहे. मे महिन्यात झाकण उघडलं तेव्हा मी स्वतः काठी घातली, फूटभर गाळ. तीसेक टक्के जागा तिथेच गेली. काढलेला गाळ चार दिवस काठावर पडून होता, पहिल्या सरीत परत आत. ठेकेदाराचं बिल निघालं असणारच.

माटुंगा_पूर्व
गुणांकाचं पटलं. आमच्या आवारात माती होती, आंब्याखाली पाणी जिरायचं. तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले आणि आता गेटपाशी घोट्याएवढं साचतं.

कलिना_तळमजला
पेव्हरला सांध्यांतून पाणी जिरतं की! उगाच प्रत्येक गोष्ट वाईट ठरवू नका. चिखलात घसरून वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून आम्ही ब्लॉक घातले.

माटुंगा_पूर्व
खाली खडी-वाळू असेल तर जिरतं. खाली काँक्रीट ओतून सांधे सिमेंटने बुजवले तर ती फरशीच.

नवी_सिव्हिल
मध्येच बोलते. जुलैत माती आधीच चिंब असते, म्हणून तर गुणांक 1 धरतात. मग माती काय आणि ब्लॉक काय, फरक कुठे उरला?

लेव्हलवाला
पाण्याच्या एकूण मापात फारसा नाही, हे मान्य. वेळेत आहे. गवतावरून पाणी रेंगाळत येतं, काँक्रीटवरून धावत. सगळ्या इमारतींचं पाणी एकदम चेंबरला आलं की प्रवाहाचं शिखर चढतं. गटार त्या शिखरासाठी बांधायचं असतं.

नवी_सिव्हिल
मग तुमच्या पहिल्या पोस्टमधला गुणांकाचा मुद्दा अर्धवट होता. चिंब मातीचा उल्लेखच नव्हता त्यात.

लेव्हलवाला
अर्धवट होता. ठीक.

गाळ_आधी_काढा
आणि गाळ? त्यावर एकाने अवाक्षर काढलं नाही. तुम्हाला सूत्रं प्यारी, आमच्या दुकानात दरवर्षी पाणी शिरतं त्याचं काय! मागच्या वर्षी वह्यांचे बारा गठ्ठे गेले.

लेव्हलवाला
दादा, तुमचं खरं आहे. गाळ बसलेल्या पाइपात माझं कुठलंच सूत्र चालत नाही. पण पाइप धुऊन काढला तरी भरतीला पाणी पंपानेच काढावं लागणार, किंवा ओसरेपर्यंत कुठेतरी धरून ठेवावं लागणार. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागासाठी जमिनीखाली टाक्या केल्या त्या याच हिशोबाने.

कलिना_तळमजला
टाक्यांचं पटतं. 100 चा हट्ट सोडतो असं समजू नका, पण फक्त पाइप वाढवून भागणार नाही हे कळलं. आज सकाळी प्लंबरकडून आमच्या आवारातला एक ब्लॉक उचलवला. खाली बोटभर वाळू, आणि तिच्याखाली अखंड काँक्रीट. तांब्याभर पाणी ओतलं, चहा होईपर्यंत तसंच उभं. रविवारच्या मीटिंगला भिंतीकडच्या दोन ओळी काढून खडी टाकायचा विषय मांडतोय. सेक्रेटरी आत्ताच म्हणाले, पार्किंग जाईल.

माटुंगा_पूर्व
खडी टाकली तरी वर गाडी उभी राहते. आमच्याकडे दोन राहतात. फोटो पाठवतो, त्यांना दाखवा.