शाळेत न्यायव्यवस्था शिकवायला सुनावणीचं थेट प्रक्षेपण पुरेसं आहे का?

नागरिकशास्त्र_शिक्षिका
माझं मत: पुरेसं आहे. थेट प्रक्षेपणाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तत्त्वतः मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या बघता येतात. न्यायमूर्ती वकिलांना मध्येच अडवतात, वकील पान शोधून उत्तर देतात. दहावीच्या मुलांना एवढी दहा मिनिटं दाखवली, तरी सिनेमातलं कोर्ट डोक्यातून उतरतं. तयार क्विझची अॅप्स कशाला हवीत?

तालुका_वकील
ताई, मला हे अजिबात पटलं नाही. घटनापीठ म्हणजे किमान पाच न्यायमूर्ती, मुद्दा राज्यघटनेच्या अर्थाचा आणि सगळं इंग्रजीत. तिथे साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. सामान्य माणूस पायरी चढतो ती खालच्या कोर्टाची, आणि तेच मुलांना दिसत नाही.

त्यापेक्षा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एखाद्या दिवाणी दाव्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका. तारखांचा तक्ता उघडतो. कोणती तारीख कशासाठी नेमली होती, ते समोर येतं: समन्स, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे (वादाचे नेमके प्रश्न ठरवणं), पुरावा, युक्तिवाद. समन्सच्याच टप्प्यावर तारखांमागून तारखा पडलेल्या दिसल्या की पोरं आपसूक विचारतात, "असं का?" मग सांगायचं, प्रतिवादीला समन्स बजावलंच गेलं नसेल, तर दावा पुढे सरकणार कसा!

एक_पालक
वकीलसाहेब, त्याच पानावर वादी-प्रतिवादींची नावंही असतात. लहान गावात मुलं आधी ओळखीची आडनावं शोधणार. एखाद्याच्या घरचा जमिनीचा वाद वर्गात चघळला गेला, तर त्या मुलाने तोंड कुठे लपवायचं? थेट प्रक्षेपणाच्या नमुना नियमांतसुद्धा वैवाहिक वाद आणि लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणं वगळली आहेत, ती उगाच नाहीत. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे न्यायालयांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर, जिल्हावार प्रलंबित खटले दिसतात. दिवाणी किती, फौजदारी किती, किती वर्षं जुने. शाळेला तेवढं बास.

तालुका_वकील
नावांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. शोध मुलांच्या हाती द्यायचाच नाही. शिक्षकांनी दूरच्या जिल्ह्यातला दावा निवडावा आणि नावं खोडून तक्ता छापून द्यावा. पण नुसत्या आकड्यांवर थांबायला माझा विरोध आहे. प्रलंबित खटल्यांचा ढीग पाहून मुलं "कोर्ट काम करत नाही" एवढंच घेऊन घरी जातील.

नागरिकशास्त्र_शिक्षिका
नावं खोडलेला तक्ता मी वापरेन. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीतही मिळतात, इंग्रजीची अडचण तिथे थोडी कमी होते. पण प्रक्षेपण सोडणार नाही. तक्त्यात टप्पे दिसतात, दोन बाजू एकमेकींना काय उत्तर देतात ते दिसत नाही.

तालुका_वकील
मग उलटतपासणी कुठे दाखवणार? ती ना तक्त्यात आहे, ना घटनापीठात. त्यासाठी पोरांना एक दिवस कोर्टात आणा. परवानगी आधी न्यायाधीशांकडून घ्या आणि साधा दिवाणी दावा निवडा.