मदत हवी आहे: गुहागर, शनिवार-रविवार, आज रात्रीपर्यंत ठरवायचं आहे

निशिगंध:
येत्या शनिवारी गुहागरला जायचं आहे. एक मुक्काम. जिथे फोनवर बोलणं झालं होतं त्यांनी आज सांगितलं की समुद्राकडची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खालची दिली गेली. आगाऊ पैसे आज रात्री भरायचे आहेत. दुसरं काही चांगलं माहीत असेल तर लगेच सांगा. रस्ता कुठला घ्यावा तेही सांगा. प्लीज, लवकर.

रानवारा:
कुठून निघणार? किती माणसं? स्वतःची गाडी की एसटी? दुसरा मजला का नको? वरून समुद्र जास्त छान दिसतो उलट.

डबलबेल:
मुंबईहून असाल तर मांडवी एक्सप्रेसने चिपळूण गाठा. पुढे गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, एसटी मिळते. गाडीची दगदग कशाला?

फेसाळ:
गुहागरपेक्षा मालवणला जा. तारकर्लीला स्कूबा करा, सिंधुदुर्ग किल्ला बघा, किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघा. आम्ही दोनदा गेलो, मन भरलं नाही.

निशिगंध:
पुण्याहून. गाडी आहे, मी चालवणार. आम्ही दोघीच, मी आणि आई. मालवण लांब पडतं आणि स्कूबा करायचं नाहीये. शांत बसायचं आहे.

मिठागर:
पुण्याहून म्हणजे कुंभार्ली. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला महामार्ग सोडायचा, कराडपर्यंत जायचं नाही. पाटण, कोयनानगर, घाट उतरलात की चिपळूण. थांबत गेलात तर सात तास धरा.

चाकोरीबाहेर:
कुंभार्लीची वळणं लागतात. माझ्या मुलीला दर वेळी उलटी होते. ताम्हिणीने माणगाव, मग महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड, चिपळूण. बोगद्यामुळे कशेडी घाट चढायला लागत नाही. किंवा खेडहून दापोलीमार्गे दाभोळला या आणि फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरा. खाडी ओलांडायची मजाच वेगळी.

मिठागर:
ताम्हिणीला वळणं नाहीत का? आणि दापोलीवरून दाभोळ म्हणजे सगळा वळसा. फेरीबोटीची हौस असेल तर येताना करा. जाताना माणूस आधीच थकलेला असतो, त्यात फेरी नुकतीच सुटली की पुढचीची वाट बघत धक्क्यावर बसा.

चाकोरीबाहेर:
मी स्वतः तीन वेळा केलंय, म्हणून सांगितलं.

रानवारा:
ताई, दुसऱ्या मजल्याचं अजून सांगितलं नाहीत.

निशिगंध:
आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तीन महिने झाले. मला वाटलं मी लिहिलं होतं. जिना ती चढते, पण एकेक पायरी, कठडा धरून. जमिनीवर बसता येत नाही. कमोड लागतो.

कंदील:
हे आधी सांगायला हवं होतंत. आता सगळा सल्ला बदलतो. माझ्या सासूबाईंचं झालं तेव्हा फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं की गाडीत सलग बसायचं नाही, तास-दीड तासाने उतरून दहा पावलं चालायचं. डॉक्टरांना प्रवासाचं विचारलंत ना?

निशिगंध:
विचारलं. हरकत नाही म्हणाले.

सुरुचंबन:
मी मूळचा गुहागरचा, आता ठाण्याला. वरचापाट, खालचापाट हा एकच लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. "समुद्राजवळ" असं सगळेच सांगतात आणि खोटं नसतं ते, पण खोली रस्त्याच्या बाजूला असली तर वाडीतून बरंच चालावं लागतं, पायाखाली पालापाचोळा आणि पाटाच्या पाण्याची ओल. म्हणून फोनवर मजला एवढंच विचारू नका. खोलीपासून पुळणीपर्यंत वाट कशी आहे, आणि पडवीच्या पायऱ्या किती नि किती उंच आहेत ते विचारा. जुन्या घरांच्या पायऱ्या फार उंच असतात. तळमजल्यावरची खोलीसुद्धा तीन दगडी पायऱ्यांवर असते.

निशिगंध:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा.

गडकरी_मनाचा:
दोन दिवस आहेत तर अंजनवेलचा गोपाळगड बघाच. तिथून दाभोळच्या खाडीचं मुख दिसतं, जवळच दीपगृह आहे. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, मग हेदवीचा दशभुज गणपती, आणि बामणघळ. भरतीला घळीतून पाणी उसळतं ते आयुष्यात एकदा तरी बघावं.

कंदील:
गुडघे बदललेल्या बाईंना बामणघळीच्या खडकांवर न्यायचं?

गडकरी_मनाचा:
त्या लांबून बघतील. एवढ्या लांब जाऊन खोलीत बसणार का?

निशिगंध:
हो, बसणारच आहोत. आईने तीन महिने भिंत आणि छताचा पंखा बघितलाय. तिला समुद्राचा आवाज ऐकायचाय. एवढंच मागितलंय तिने.

पाऊलवाट:
मग ओहोटीला न्या. ओल्या वाळूवर पाय रुतत नाही, सपाट, घट्ट असते. मी बाबांना काठी घेऊन तशीच चालवत असे. कोरड्या वाळूत मात्र पाऊल टाकायचं नाही, गुडघा पिरगळतो.

सुरुचंबन:
चालायला ओहोटी बरोबर. पण त्या घट्ट वाळूपर्यंत पोचायला कोरडी वाळूच ओलांडावी लागते, आणि ओहोटीला समुद्र लांब जातो. त्यांना बसायचंय, तर भरती चांगली. सुरुच्या बनाशी खुर्ची टाका, पाणी आपणहून जवळ येतं.
आमच्याकडे तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात, ती भरतीची वेळ. शनिवारी अष्टमी आहे. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. सूर्यास्ताच्याच वेळेला. रविवारी नवमी, पावणेसात. अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती असते, उधाण नाही, त्यामुळे पाणी अंगावर येईल ही भीतीही नको.

पाऊलवाट:
हे पटलं. खुर्ची मात्र हातांची घ्या, उठताना आधार लागतो. प्लास्टिकची असेल तर पाय वाळूत जातात, खाली फळी ठेवा.

हापूसवेडा:
फेब्रुवारीच्या शेवटी आंबा मिळेल का तिकडे? मीही जाणार आहे.

मिठागर:
नाही. घाईचा पिकवलेला मिळाला तर घेऊ नका. एप्रिलमध्ये जा.

काळवीट:
कासवं बघायची तर वेळासला जा. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आता गावकरी पाहुण्यांना घरात ठेवतात. पिल्लं समुद्राकडे जाताना बघून माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सुरुचंबन:
वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीपाशी. एका मुक्कामात नाही जमायचं. कासवं गुहागरच्या पुळणीवरही अंडी घालतात. मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, पिल्लं सोडणार असतील तर त्यांना माहीत असतं.

फेसाळ:
मासे मात्र मालवणसारखे नाही मिळणार.

मिठागर:
मासे असगोली, वेलदूर या कोळ्यांच्या गावांत भरपूर. बाजारपेठेतल्या घरगुती खानावळी बहुतेक शाकाहारी. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की उकडीचे मोदक करून देतात. घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी. जेवण टेबलावर मिळेल का तेही विचारून घ्या, काही घरी पाट मांडतात.

कंदील:
कमोडच्या बाजूला धरायला दांडी असते का तेही. नसली तर घरून कमोडची खुर्ची गाडीत टाका.

निशिगंध:
तीन ठिकाणी फोन केले. एके ठिकाणी काकूंनी पायऱ्या मोजून सांगितल्या, दोन, आणि म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंसाठी मधे विटांची एक छोटी पायरी करून घेतलीय. खोली रस्त्याकडची आहे, समुद्र दिसत नाही. वाडीतून पुळणीपर्यंत शंभरेक पावलं, वाट सिमेंटची. तीच घेतली. पैसे भरले. कुंभार्लीने जातोय, पहाटे सहाला निघू, म्हणजे दुपारची झोप होऊन सहाच्या भरतीला बाहेर येता येईल.
रात्री खोलीत आवाज येईल ना समुद्राचा? शंभर पावलांवरून?

सुरुचंबन:
येतो. बाजारपेठ नऊ-साडेनऊला शांत होते, मग पंखा बंद करा.

गडकरी_मनाचा:
ताई, गोपाळगडाचं राहू द्या. पण येताना व्याडेश्वराला दोघींनी जाऊन या.

निशिगंध:
जाऊ. आमचं कुलदैवतच आहे ते. आईने आत्ताच नारळ पिशवीत ठेवला.