मिसळीचा वास: अभिसंधित उद्दीपक की अनभिसंधित?

रंकाळाकाठ:
मी कोल्हापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या लाळेवरील प्रयोगात अन्न हे अनभिसंधित उद्दीपक (न शिकताच प्रतिसाद घडवणारे) असते आणि मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) ठोका आधी तटस्थ असून अन्नाशी जोडला गेल्यावर अभिसंधित (अनुभवातून शिकल्यावरच प्रतिसाद घडवणारा) होतो, एवढे मला समजले आहे. मात्र मिसळीच्या दुकानावरून जाताना कटाच्या नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटते, तेव्हा तो वास कोणत्या रकान्यात लिहावा? वास तर अन्नाचाच आहे. शिवाय चव आवडली म्हणून आपण त्याच दुकानात पुन्हा जातो, तेही अभिजात अभिसंधानच, म्हणजे असे उद्दीपके जोडली जाऊन होणारे शिकणेच का?

राजारामपुरीचे मास्तर:
वास अभिसंधित रकान्यात लिहावा. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत त्सितोविच या संशोधकांनी कुत्र्याची काही पिल्ले केवळ दुधावर वाढवली होती. त्या पिल्लांना मांस दिसले किंवा त्याचा वास आला, तरी लाळ सुटत नसे. मांस प्रत्यक्ष खाऊ घातल्यानंतरच पुढे नुसत्या दर्शनाने आणि वासाने ती सुटू लागली. तेव्हा उद्दीपक अन्नाचाच आहे की नाही हे न पाहता, पूर्वानुभव नसतानाही तो प्रतिसाद मिळाला असता का, हे पाहावे. मिसळ कधीच न चाखलेल्या माणसाच्या बाबतीत उत्तर वेगळे येईल, हे ओघाने आलेच.

पुन्हा त्याच दुकानात जाणे हे साधक अभिसंधान होय, कारण तेथे आधी वर्तन घडते आणि मग त्याचे फळ मिळते. उत्तरपत्रिकांत ही गल्लत फार दिसते.

पंचगंगा:
मास्तरांच्या उत्तराला एक पुस्ती. दोन उद्दीपके वारंवार एकत्र आली की त्यांचा संबंध शिकला गेलाच, असे मानू नये. मानसशास्त्रज्ञ रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात विजेचा झटका ध्वनी चालू असताना आणि नसतानाही सारख्याच प्रमाणात दिला, तेव्हा ध्वनीची भीती निर्माण झाली नाही. ध्वनीवरून झटक्याची पूर्वसूचनाच मिळत नव्हती.

रंकाळाकाठ:
दोघांचेही आभार. वास रोज आला, पण मिसळ कधीच खायला मिळाली नाही, तर लाळ सुटणे कायमचे थांबेल का?

राजारामपुरीचे मास्तर:
हळूहळू कमी होईल. यालाच विलोपन म्हणतात. परंतु मधे काही काळ गेल्यावर तोच वास आला, तर प्रतिसाद बहुधा पुन्हा डोके वर काढतो, जरी तो पूर्वीपेक्षा क्षीण असला तरी. यावरून मूळचा संबंध पुसला जात नसून केवळ दबतो, असे मानले जाते.